चार बोटांच्या रेघा

माझ्या वडिलांना घरातली आम्ही सगळी मुलं भाऊ म्हणायचो. भाऊंनी भुसावळला एका रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यात सतरा वर्षं स्वयंपाक केला, आणि त्या सतरा वर्षांत आमच्या घराला त्याचं काही वाटलं नाही. ते पोळ्याला आणि दिवाळीला गावी यायचे. येताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणायचे. तो डबा दुपारपर्यंत रिकामा व्हायचा आणि मग अक्का त्यात शेवया भरून ठेवायची. बिस्किटांना कधी विटाळ झाला नाही. तो झाला भाऊ कायमचे घरी आले तेव्हा.

स्वातंत्र्य आलं, साहेब आपल्या देशी निघून गेला, आणि नव्या साहेबानं स्वतःचा आचारी आणला. भाऊ एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन यावलकडच्या आमच्या गावी आले. घर थोरल्या काकांचं होतं, म्हणजे आबांचं. आबा बोलायचे कमी. त्यांच्या वाटचं त्यांची बायको बोलायची, तिला गाव अक्का म्हणत असे. पहिल्याच दिवशी अक्कानं भाऊंचं ताट ओसरीवर मांडलं. म्हणाली, "सतरा वरसं मटनाच्या भांड्यात हात घातला त्यानं. माह्या चुलीजवय नको." भाऊ ओसरीवर बसले. आत पंगतीत आबा जेवत होते, त्यांनी मान वर केली नाही. आई वाढायला वाकली होती, ती तशीच वाकून राहिली.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. खरं सांगायचं तर मला भाऊंचा रागच आला. ते लांब होते तोवर मी घरातल्या चार पोरींसारखी एक पोर होते. ते आले आणि मी खानसाम्याची पोर झाले. अक्काची मुलगी माझ्याच वयाची. आम्ही एका गोधडीत झोपायचो, एका पाटीवर लिहायचो. तीसुद्धा आता माझ्या हातचा पेरू घेताना आधी अक्काकडे बघायची. आणि एक दिवस अक्कानं मला वेणी घालता घालता सांगितलं, "तुह्या बापाचं ताट ओसरीवर हाये, तुहं घरात हाये. ध्यानात ठेवजो." वेणी तिनं फार छान घातली होती. मी ते ध्यानात ठेवलं.

भाऊ घरी आल्यावर दुसरा हिवाळा आला. आमच्याकडे चंपाषष्ठी झाली की वांग्याचं भरीत सुरू होतं, आणि त्याची एक रीत आहे. भरीत शेतात करायचं आणि ते पुरुषांनी करायचं. एरवी ज्या पुरुषाला चुलीवरचं दूध उतू गेलेलं कळत नाही, तोही त्या दिवशी धोतर खोचून काड्यांच्या जाळावर वांगी भाजतो आणि बाया आयत्या जेवतात. शेतात चूल कुणाची नसते, सोवळं कुणाचं नसतं. भाऊंनी ही रीत बरोबर हेरली. एका सकाळी ते आबांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "आबा, यंदा भरीत मी करू का? शेतात. सगयाले जेवू घालतो."

आबांनी अक्काकडे पाहिलं. अक्का म्हणाली, "शेतात चालते." एवढ्या दोन शब्दांवर भाऊ त्या दिवशी गावभर फिरून आले. त्यांचा हिशेब साधा होता. सगळ्यांनी एकदा त्यांच्या हातचं खाल्लं की मग ओसरीवर ताट कोणत्या तोंडानं मांडतील? हे त्यांनी आईला सांगितलं, तेव्हा मी तिथेच होते. आई म्हणाली, "साधं भरीतच करा. जास्त काही नको." नवरा कसा आहे ते तिला ठाऊक होतं.

पण भाऊंना साधं भरीत करायचं नव्हतं. साधं भरीत कुणीही करतो. त्यांना आपल्या माणसांना सतरा वर्षांची विद्या खाऊ घालायची होती. बंगल्यात दर रविवारी संध्याकाळी एक पदार्थ व्हायचा. खाली खिमा, वर कुस्करलेला बटाटा, आणि सगळं भट्टीत लालसर भाजलेलं. साहेब त्याला शेफर्ड्स पाय म्हणायचा. आमच्याकडे पाय म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे भलतंच आलं असतं, म्हणून भाऊंनी ते नाव घरात कधी काढलं नाही. ते म्हणायचे, मेंढपाळाचं जेवण. थंडीच्या दिवसात साहेबाची सगळी माणसं एका टेबलाभोवती बसून त्या एकाच भांड्यातून वाढून घ्यायची, कुणी भांडत नसे, हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. मला वाटतं, त्यांना पदार्थापेक्षा ते टेबलच जास्त आवडलं असावं.

मांस आमच्या घरात कधी आलं नाही, येणारही नव्हतं. भाऊंनी खिम्याच्या जागी भरीत घालायचं ठरवलं. मला म्हणाले, "खाली आपलं, वर त्यायचं."

त्या दिवशी मी दुपारपासून त्यांच्याबरोबर शेतात होते. आईनं मला मदतीला पाठवलं होतं. त्यांनी विहिरीवर अंघोळ केली आणि धुतलेलं धोतर नेसले. पितळी पातेलं घरचंच होतं, आईनं चिंचेनं घासून दिलेलं. बंगल्यातली एकही वस्तू त्यांनी शेतात आणली नव्हती. ट्रंकेत एक काटा होता, बटाट्यावर रेघा ओढायचा, तोही घरीच ठेवला होता. म्हणाले, "उगीच कोनाले बोलाले जागा नको."

पांढरट हिरवी, मोठाली वांगी त्यांनी काड्यांवर भाजली, सोलली, लाकडी दांड्यानं ठेचली. मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, सगळं आपल्या रीतीचं. बटाटे भुसावळच्या बाजारातून स्वतः आणलेले. ते उकडून, गरम असतानाच सोलून, लोट्याच्या बुडानं कुस्करले, त्यात दूध, घरचं लोणी, मीठ आणि थोडी मिरपूड. गरम बटाट्यानं त्यांची बोटं लाल झाली होती, पण ते गुणगुणत होते. भाऊंना गुणगुणता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

पातेल्यात भरिताचा थर, त्यावर बटाट्याचा. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. "काटा नही तं काय झालं? हात धू आन् इकडून तिकडे चार बोटं ओढ." मी विहिरीवर हात धुऊन आले आणि बटाट्यावर चार बोटं ओढली. पेरणीच्या तासांसारख्या रेघा उमटल्या. ते म्हणाले, या रेघांचे कंगोरे आधी लाल होतात, त्यांचीच खरी चव. मी सबंध पातेलंभर रेघा ओढल्या, आणि तेवढा वेळ मला त्यांचा राग आला नाही.

भट्टी कुठली आणायची? गोवऱ्यांच्या विस्तवावर पातेलं ठेवलं, वर परात उपडी घातली आणि परातीवरही विस्तव रचला. दिवस कलता कलता गाडी आली. आबा, अक्का, आई, मुलं. केळीच्या बागेला लागून बसायला चवाळं अंथरलं होतं, पुढे केळीची पानं मांडली होती. लोण्याचा वास सगळीकडे पसरला होता. आबांनी एकदा तो वास जोरात आत घेतला, ते मी पाहिलं.

भाऊंनी परात उचलली. रेघा सोन्यासारख्या लाल झाल्या होत्या. मुलं "ओ!" म्हणाली. भाऊंनी पहिली वाढणी अक्काला केली, तीच घरची मोठी म्हणून, मग बाकीच्या पानांवर वाढलं. अक्कानं बोटानं वरचा बटाटा बाजूला केला. खालचं भरीत विस्तवावर दुसऱ्यांदा शिजून काळपट झालं होतं, सांजवेळ होती, कंदील एकच होता. तिनं बोट खुपसून पाहिलं, पदर तोंडाशी नेला आणि मोठ्यानं विचारलं, "हे काय व्हय? काय हाये यात?"

"वांगं हाये, वहिनी," भाऊ म्हणाले. "आपलं भरीत."

"तू तं वांगंच म्हनशीन." मग ती माझ्याकडे वळली. "तू व्हती ना दुपारपासून त्याच्याजवय? सांग. काय घातलं त्यानं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अक्काची मुलगी माझ्या शेजारी बसली होती, तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला होता. तो तिनं हळूच मागे घेतला. मला ओसरी दिसली, ओसरीवरचं ताट दिसलं, आणि त्याच्या शेजारी आणखी एक ताट दिसलं. माझ्या नखांत अजून बटाटा होता.

मी म्हणाले, "मले माहीत नही."

पुढचं फार लवकर झालं. अक्का उठली. आबा क्षणभर बसून राहिले, मग तेही उठले आणि विहिरीवर हात धुवायला गेले, खरकटाही न झालेला हात. मुलांना उठवलं. आईच्या हातात घास होता, तो तिनं पानावर परत ठेवला. भाऊंनी पुन्हा एकदाही सांगितलं नाही की वांगं आहे. ते फक्त माझ्याकडे बघत होते. गाडी जुंपली तेव्हा ते मांडी घालून एकटेच जेवत होते, सावकाश, एकेक रेघ मोडत. उरलेलं त्यांनी केळीच्या चरात पुरलं असावं, कारण पातेलं सकाळी स्वच्छ घासून ओसरीवर होतं.

त्यानंतर भाऊंनी भांड्याला हात लावला नाही. ताट ओसरीवरच राहिलं. माझं घरात राहिलं. अक्का माझी वेणी घालत राहिली. मी मूग गिळून तिच्यापुढे बसत राहिले, आणि गाव म्हणत राहिलं की पोरगी गुणाची आहे.

पुढे माझं लग्न झालं, मी धुळ्याला आले. आई गेली. नऊ वर्षं मी एकच गोष्ट मनाशी उगाळत होते. कंदील एक होता, भरीत काळं पडलं होतं, अक्काची समजूत चुकली होती. मी एक शब्द बोलले असते तर ती चूक तिथल्या तिथे मिटली असती. भाऊ पंगतीत बसले असते. ते माझ्यामुळे राहिलं. हे मी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

भाऊंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हा मीच हट्टानं त्यांना धुळ्याला आणलं. ऑपरेशन नीट झालं. एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यातही पडदा, अशा स्थितीत ते आठ दिवस माझ्याकडे होते. सहाव्या दिवशी भाजीवाली दारात आली, पाटीत मोठाली पांढरट हिरवी वांगी. म्हणाली, "हाई जयगावनं वांगं शे, ताई." जळगावचं, म्हणजे आमच्याकडचंच वांगं. मी पाटीतली निम्मी वांगी घेतली.

नवरा मुलांना घेऊन त्याच्या बहिणीकडे गेला होता. मी सगळं आठवून आठवून केलं. भरीत, बटाटा, लोणी, मिरपूड. चार बोटं ओढली. आता बोटं लांब झाली होती, रेघा रुंद आल्या. शेगडीवर पातेलं, वर परात, परातीवर निखारे. भाऊ बाहेरच्या खोलीत बसले होते. वास गेला असणारच. मी पाटावर त्यांचं ताट मांडलं, घराच्या मधोमध, आणि वाढलं.

त्यांनी चाचपून बोट लावलं. बोटाला रेघ लागली. ते थांबले. मग विचारलं, "काय हाये यात?"

त्यांना दिसत नव्हतं, म्हणून विचारलं असेल. पण मला रडू फुटलं. मी म्हणाले, "वांगं हाये, भाऊ. वांगंच हाये. तवाही वांगंच व्हतं. म्या पाह्यलं व्हतं, मले माहीत व्हतं, म्या सांगितलं नही."

त्यांनी बोट ताटाच्या कडेला पुसलं. मग जसं पोराला समजवावं तसं म्हणाले, "ते तं सगयाले माहीत व्हतं, बाई. आपल्याकडे भरीत कोन ओयखत नही? वहिनीनं पदराआड बोट चाटलं व्हतं. त्यायले खायाचंच नव्हतं."

नऊ वर्षं जी चूक मी उराशी धरली होती, ती चूक कुणी केलीच नव्हती. क्षणभर मला हलकं वाटलं, हेही कबूल करते. माझ्या एका शब्दानं काही फरक पडला नसता.

"त्यायची आस म्या तवाच सोडली व्हती," भाऊ म्हणाले. "म्या तुह्याकडे पाहत व्हतो."

मग त्यांनी ताट हलक्या हातानं पुढे सरकवलं. "भाकर असली तं दे. हे आता पचत नही मले."

मी भाकर आणि वरण आणून दिलं. ते जेवले, चूळ भरली, भिंतीला धरून बाहेरच्या खोलीत जाऊन पडले. मी पातेलं पुढे घेऊन जमिनीवर बसले आणि सगळं एकटीनं खाल्लं. चव अगदी जमली होती.