ताईच्या चिमटीतली दोन टोकं

माझ्या थोरल्या बहिणीवर अन्याय झाला. १९५६ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी. बाहेर मारबतीची मिरवणूक निघाली होती, अख्खी गल्ली ओरडून ओरडून रोगराईला गावाबाहेर हाकलत होती, आणि आत आमच्या हातमागाशी ताई बसली होती.

ती सांधणी करायची. मागावर संपत आलेल्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, एकेका टोकाला नव्या ताण्याचा धागा जोडायचा. खळीचा आंबूस वास, कौलांच्या फटीतून उतरलेलं ऊन, त्यात तरंगणारी सुताची कुसं आणि तिची बोटं. मला वाटायचं, ताई पाण्याखाली बसलीय आणि मी काठावरून बघतेय.

हे काम आमच्यात थंड स्वभावाच्या माणसाला देतात. माझ्या हातात सूत टिकायचं नाही. मी चिडायचे, भांडी आपटायचे, रडायचे आणि संध्याकाळी पोटभर जेवायचे. ताईला राग आला तर ती ओठ मिटून पुढचा धागा उचलायची.

त्या पावसाळ्यात तिचं जेवण तुटलं. बोलणंही. घराला वाटलं, पोर आणखीच समजूतदार झाली. म्हणून शेजारच्या मागांचीही सांधणी तिच्याकडेच आली. आजाराला गुण समजलो आम्ही, आणि वर बक्षीस दिलं!

त्या सकाळी ती म्हणाली, "माय, मले काहीच वाटून नाही राहिलं. राग नाही, भूक नाही."

"बरंच आहे वं," माय माझ्याकडे बघत हसली. "या आगलावीले दे त्यातलं थोडंसं."

ताईही हसली. मग तिची बोटं थांबली. चिमटीत दोन टोकं, एक जुनं, एक नवं. मिरवणूक लांब गेली, ढोल विरले, उन्हाची तिरीप तिच्या मांडीवरून भिंतीवर चढली. टोकं तशीच.

"तिले काय होऊन राहिलं, पाहा नं कोणी!" मी ओरडले.

"तू काहून बोंबलतं?" बाबा म्हणाले. "तिच्यापासून शीक जरा."

शेवटी धागे मीच सोडवले. पुढचे दोन पावसाळे ती भिंतीकडे तोंड करून पडून होती.

तिसऱ्या वर्षी एक दिवस भाजी खारट झाली म्हणून तिनं ताट ढकललं. माय रागवायला उठली. मी मायचा हात धरला. ताईला पुन्हा राग आला होता!

राग आवरणं वेगळं, आणि राग यायचाच बंद होणं वेगळं. तुमच्या घरातही असेल अशी कुणी, जिच्या शांतपणाचं तुम्ही पाहुण्यांपुढे कौतुक करता. आज तिच्या हातातलं काम काढून घ्या. तिच्याजवळ बसा, तिला विचारा. आणि ती "काहीच वाटत नाही" म्हणाली, तर खबरदार, हसू नका.