नदीपलीकडच्या वाडीला हाक

देवाने मला शिक्षण दिलं नाही, रूप दिलं नाही, डोकं बेताचं दिलं. मग त्यालाच लाज वाटली असावी. उरलंसुरलं सगळं त्याने माझ्या गळ्यात कोंबलं.

उमरठच्या बाजूला नदीकाठी माझं वाणसामानाचं दुकान. नव्वद सालानंतर कधीतरी तिथे फोन आला, अख्ख्या खोऱ्यात एकटा. मुंबईची पोरं फोन करायची, "आयेला बोलाव, जरा वेळाने परत लावतो." आई नदीपलीकडच्या वाडीत. मी दुकानामागच्या कातळावर चढायचो, तोंडाला हात लावायचो आणि सोडायचो, "वरच्या घरच्या काकीऽऽ, मुंबईचा फोन हायऽऽ."

त्या हाकेने म्हशी दूध चोरायच्या. फणस वेळेआधी पिकायचे. एकदा वारा बरोबर होता, तर हाक थेट पाचाडला गेली आणि तिथल्या खानावळीत भाकऱ्या थापणारी बाई "आले गो" म्हणत हात धुवायला उठली. शपथेवर सांगतो; शपथ कुणाची ते विचारू नका.

पण वाडीला फोनपेक्षा हाकेचं कौतुक जास्त होतं, हे मात्र खरं. कुणाच्या लेकाला आईची आठवण झाली ते सगळ्या वाडीला एकदम कळायचं. बाया उतरायच्या त्या मुद्दाम शेजारणीच्या दारावरून, "आमच्याचा फोन हाय गो, जाऊन येते." मला वाटायचं, आपण जन्माला आलो ते ह्याच कामासाठी.

मग डोंगरावर टॉवर उभा राहिला. घरोघर मोबाईल वाजू लागले. माझ्या कातळावर शेवाळ धरलं.

"काढून टाका तो फोन," बायको म्हणाली. "पाल बसते फक्त त्याच्यावर."

"तिचं कुणी मुंबईला असेल."

काढला नाही, कारण वरच्या घरची काकी. तिच्या लेकाकडे एवढा एकच नंबर होता. तो गणपतीला यायचा बंद झाला, मग फोनही बंद झाले. काकीने मोबाईल घेतला नाही. "त्याचा नंबर पोराला म्हायत नाय, मी घेऊन काय करू?" मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाला मी त्याला शोधायला सांगितलं. तो जुनी खोली सोडून गेला, एवढंच कळलं.

एकदा काकी चहापत्ती न्यायला आली. गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबली.

"बाला, एक हाक मारशील?"

"कुणाला?"

"मला."

"फोन नाय आला तरी?"

"फोन काय वाडीला दिसतो? हाक ऐकू येते. रविवारी मार, संध्याकालची. सगल्या दारात बसलेल्या असतात."

मी कातळ घासून काढला. रविवारी अशी हाक दिली की पलीकडचे कुत्रे घरात शिरले. काकी धुवट लुगडं नेसून, दारोदारी थांबत उतरली. दुकानात चहा प्यायली, फोनवर बोलायला लागतो तेवढा वेळ बसली आणि मान वर करून गेली. मीही छाती काढून फिरू लागलो. माझं काम मला परत मिळालं होतं.

असे बरेच रविवार गेले. मग एकदा ती धापा टाकत आली. "ठेवला का रे त्यानं?"

चेष्टा समजून मी हसलो. तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला.

"कोण बोलत नाय."

"काकी, आपलं ठरलंय ना?"

"हां, ठरलंय," ती म्हणाली, पण रिसीव्हर ठेवला नाही. "मलाच उशीर झाला. पुढल्या वेलेस लवकर हाक मार, म्हणजे लवकर येईन."

पुढच्या रविवारी मी हाक मारली नाही. दुकानाच्या फळ्या लावून आत बसलो. सकाळी वाडीतली एक बाई मीठ न्यायला आली. "तुझा गला बसला काय रे? काकी काल अंगणातच बसून होती. जेवली पन नाय."

म्हणजे हाक मारली तर ती फोन धरायला धावणार, नाही मारली तर उपाशी राहणार. कुणाला विचारावं तर काय विचारावं? बायकोला सांगितलं. ती उठली आणि पदराने फोनवरची धूळ पुसू लागली.

त्यानंतरच्या रविवारी मी नेहमीपेक्षा लवकर कातळावर चढलो. ऊन अजून होतं. पलीकडे काकी अंगणाच्या कडेला येऊन उभी होती, पायांत चपला घालून. मी तोंडाला हात लावले.