आईचा चांदीचा रुपया

मंडळी, आज आईचा निजामकाळातला चांदीचा रुपया सुलतान बाजारातल्या सराफाला दाखवला. आई गेल्यावर तो कुणी ठेवायचा, यावरून मी आणि तारनाक्याची ताई दोन वर्षं बोलत नव्हतो.

म्हाताऱ्या सराफाने रुपया तोलला, मग भिंगाखाली त्याची कड पाहिली. कडेवर बारीक सांधा होता. "ये साँचे में ढला है, बेटी. असली पे ठप्पा मारते थे," तो हळूच म्हणाला.

दुकानाच्या पायरीवरूनच ताईला फोन लावला. तिने उचलला.

"ताई, रुपया खोटा निघाला."

ती म्हणाली, "आई असताना कळलं नाही, बरं झालं. तू जेवलीस का?"

तारनाक्याच्या बसमध्ये बसून हे लिहितेय. तुमच्या घरात कशावरून अबोला आहे?