बीबींच्या चौकातलं पाणी

बीबी पाहुण्याला आधी जिना दाखवत, मग कॉफी देत. ओमानमधल्या इब्रीजवळचं त्यांचं ते सरदारी घर बघायला लांबून लोक येत, ते तिथल्या बागांसाठी. पहिल्या चौकात खजूर, दुसऱ्यात लिंबं आणि डाळिंबं, आतल्यात जाई. डोंगरातून आणलेला पाण्याचा पाट तिन्ही चौकांतून वाहायचा. पाहुणे फोटो काढत असताना बीबी काठीनं गच्चीचा जिना दाखवायच्या. "वादी आली तर इथून वर जायचं." वादी म्हणजे घरामागची कोरडी नदी, डोंगरात पाऊस पडला की एकाएकी भरून येणारी. पाहुणे हसून मान हलवायचे.

मी फिजिओथेरपिस्ट. त्यांच्या गुडघ्यांसाठी आठवड्यातून दोनदा जायचे. वडिलांच्या व्यापारामुळे बीबींचं बालपण मुंबईत गेलेलं, म्हणून आमचं सगळं बोलणं हिंदीत. व्यायाम करता करता त्या एकदम हात वर करून पाटाचा आवाज ऐकत राहायच्या. खात्री पटली की म्हणायच्या, "खलास. चल, पुढे कर."

एकदा मला हसू आलं. तेव्हा त्यांनी सांगितलं, की लहानपणी वादी घरात शिरली तेव्हा धाकट्या बहिणीचा हात त्यांच्या हातात होता, आणि तो सुटला. एवढं बोलून त्यांनी गुडघा पुढे केला. त्या दिवसापासून त्यांच्याबरोबर मीही कान देऊ लागले.

सुट्टीत एकदा माझ्या आठ वर्षांच्या इराला बाग बघायला नेलं. स्वयंपाकीण बाजारात गेली होती. डोक्यावर लख्ख ऊन होतं, पाऊस असलाच तर दूर डोंगरात. इरा आतल्या चौकात पाटात पाय सोडून बसली होती. बीबींनी हात वर केला, पण या वेळी तो खाली आला नाही.

"लडकी किधर है?"

तेवढ्यात आतून इराची हाक आली, "आई, पाणी ब्राउन झालंय."

मी धावले. तिला उचलेपर्यंत मागच्या दारातून पाणी आत शिरलं होतं. तिला गच्चीवर सोडून मी खाली आले, तर बीबी कशाबशा तिसऱ्या पायरीवर येऊन बसल्या होत्या आणि पाणी त्यांच्या पोटऱ्यांना लागत होतं. मला परत पाठवायला बघत होत्या. मी ऐकलं नाही. काखेत हात घालून त्यांना पाठमोरं, एकेक पायरी वर ओढलं. खाली मातीची भिंत कोसळल्याचा आवाज आला.

गच्चीवर त्यांनी बागेकडे पाहिलंच नाही. डाळिंबं बुडताना मी पाहत होते आणि आमच्या खालचं घर टिकेल का, हे मला कळत नव्हतं. बीबींनी इराचा घोटा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. दुखतंय म्हणून ती रडली, तरी सोडला नाही.

पाणी संध्याकाळी उतरलं. त्यांचा मुलगा त्यांना मस्कतला घेऊन गेला. पुढे घराची डागडुजी झाली, नवी झाडं लागली. मी एकदा गेले, पण पहिल्या चौकापुढे पाऊल टाकवलं नाही.

मागच्या हिवाळ्यात बीबींचा फोन आला. पुढच्याच आठवड्यात त्या वारल्या. त्या फोनवर बागेबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

"लडकी घर आ गयी?"

शाळेत आहे, दुपारी येईल, असं मी सांगितलं. फोन ठेवला, आणि शाळा सुटायला अजून खूप अवकाश असताना मी गाडीची किल्ली उचलली.