अल् घुब्रातले मेक्सिकन डोहाळे

मस्कतच्या अल् घुब्रा भागात कुणाला एखादा जिन्नस मिळेनासा झाला की लोक आधी वसुंधरा खातूला फोन लावतात, दुकानं नंतर शोधतात. हळदीची पानं अझैबात कुणाच्या कुंडीत आहेत, मोदकाची पारी कुठल्या पिठीची फाटत नाही, रत्नागिरीहून कोण कधी येतंय आणि त्याच्या बॅगेत तिरफळांना जागा आहे की नाही, सगळं बाईंच्या जिभेवर. नवरा रमण लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत फोरमन, दोघेही मूळचे गुहागरकडचे, आणि आता निम्म्याहून जास्त आयुष्य मस्कतमध्ये गेलेलं. "मिळत नाही" हे शब्द ऐकले की वसुंधराचं डोकं फिरतं. "मिळत नाही म्हणजे काय? नीट बघितलं नसेल," असं म्हणून ती पिशवी उचलते आणि बहुतेक वेळा भरूनच आणते. अशा बाईला घाम फोडला तो तिच्या सुनेने, आणि तोही तोंडातून तक्रारीचा चकार शब्द न काढता.

सून नायेली, मेक्सिकोतल्या ओआहाका शहरातली. मुलगा केयूर शिकायला बार्सिलोनाला गेला आणि येताना हिला घेऊन आला. वसुंधराने थोडे दिवस तोंड फुगवून बघितलं, पण पोरगी इतकी लाघवी की फुगवलेलं तोंड टिकेना. दोघींचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचं, आणि इंग्रजी अडलं की हातवाऱ्यांत. केयूरला मध्ये घालून उपयोग नव्हता. त्याचं मराठी शाळेच्या बसमध्येच कुठेतरी सांडलेलं, एक वाक्य धड पुरं होईल तर शपथ.

नायेलीला दिवस राहिले आणि घरात आनंदीआनंद झाला. पण तीन महिने झाले, चार झाले, तरी उलट्या काही थांबेनात. कुकरची शिट्टी झाली की पोरगी नाकाला ओढणी लावून गॅलरीत पळायची. पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी वजनाच्या काट्याकडे बघून मान हलवली. बाळ आपलं आपण ओढून घेतंय, आईच्या अंगात मात्र काही उरत नाहीये, असं त्या म्हणाल्या. पुढच्या गुरुवारपर्यंत वजन वाढलं नाही तर ॲडमिट करून सलाइन लावावं लागेल. गाडीत येताना नायेली नुसती खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी आल्या आल्या वसुंधराने तिला समोर बसवलं. आमच्यात पोटुशी बाईला काय खावंसं वाटतं ते विचारतात, त्याला डोहाळे म्हणतात, आणि डोहाळे म्हणजे डोहाळे, ते पुरवायचेच असतात, नाहीतर मुलाची लाळ गळते, हे सगळं तिने हातवाऱ्यांसकट समजावलं. लाळेच्या हातवाऱ्याला नायेली हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"तोर्तिया," ती म्हणाली. "मक्याची पातळ पोळी, गरम, वर नुसतं मीठ. सकाळी आमच्या गल्लीत तिचा वास सुटतो. आई, मला तो वास पाहिजे."

"एवढंच ना," वसुंधरा म्हणाली, आणि तिला खरंच वाटलं की एवढंच आहे.

दुसऱ्या दिवशी रमणने तिला अझैबाच्या मोठ्या सुपरमार्केटात नेलं. तिथे मेक्सिकोच्या नावाचं एक अख्खं कपाट निघालं. कडक होड्यांसारखे टाको, बाटलीतल्या चटण्या, मैद्याच्या गोल पोळ्यांची पाकिटं. वसुंधराने ट्रॉली भरली. नायेलीने पाकीट उघडून हुंगलं, फार गोड थँक यू म्हणाली आणि पाकीट हळूच बाजूला ठेवलं. सुनेने गोड बोलून ठेवलेली वस्तू म्हणजे काय, हे वसुंधराला कुणी सांगायला नको होतं.

मग ती पदर खोचून उभी राहिली. मक्याचं पीठ आणलं, उकड काढली, तळहाताएवढ्या भाकऱ्या थापल्या. एकेक भाकरी तव्यावर अशी टम्म फुगली की बघत राहावं. नायेलीने डोळे मिटून दोन घास खाल्ले आणि धावत बाथरूम गाठलं. वसुंधरा ओट्याला टेकून उभी राहिली. तिला वाईट वाटलं आणि रागही आला, खोटं कशाला बोला. मका तो मका, त्यात आणखी काय असतं?

"वेगळं आहे," नायेली तोंड पुसत म्हणाली. "पण काय वेगळं ते मला माहीत नाही. आम्ही रोज विकत आणायचो, सणाला करायची ती आईच." आणि ती इतकी ओशाळली की वसुंधराचा राग जागच्या जागी विरघळला. तिने पोरीची पाठ चोळली आणि म्हणाली, "फोन लाव तुझ्या आईला."

मस्कतमध्ये संध्याकाळ, तिकडे सकाळ. फोनच्या पडद्यावर विहीणबाई स्वयंपाकघरात उभ्या. त्यांनी पांढरा अख्खा मका दाखवला, पातेलं दाखवलं, आणि मग एका डब्यातून पांढरी पूड काढून पाण्यात कालवली. या पाण्यात मका उकळायचा, रात्रभर ठेवायचा, सकाळी चोळून सालं काढायची, मग वाटायचा, असं नायेली एकेक करून सांगत गेली. वसुंधराचं लक्ष मात्र त्या पांढऱ्या पाण्यावर खिळलेलं.

"अगं बाई, हा तर चुना," ती म्हणाली.

म्हणजे पोरीला हवा होता तो वास नुसत्या मक्याचा नव्हेच, चुन्यात मुरलेल्या मक्याचा. वसुंधराला एकदम हलकं वाटलं. चुना म्हणजे काय परदेशी वस्तू का? मक्याचीही चिंता नव्हती. खालच्या मजल्यावरची सफूरा ओमानी, पण तिचे वाडवडील झांजिबारला राहून आलेले, आणि तिच्याकडे अख्खा पांढरा मका आणि राजमा आठवड्यातून एकदा शिजतोच. तिने पिशवी भरून मका दिला आणि वसुंधरा आत बसून आभार मानायला लागली तेव्हा तिला दंडाला धरून उठवलं. "यल्ला, चल ऊठ, आधी पोरीच्या पोटात काहीतरी जाऊ दे."

चुन्यासाठी वसुंधरा वादी कबीरला शरीफभाईंच्या दुकानात गेली. शरीफभाई दाभोळचे, वसुंधराला सख्ख्या वहिनीचा मान देणारे. तिने चुना मागितला तसा त्यांचा हात गल्ल्यावरच राहिला.

"वहिनी, तुम्ही? आणि चुना?"

"खायला नकोय हो मला."

"सगळे असंच सांगतात," शरीफभाई गालात हसत म्हणाले, पण मग हळू आवाजात बोलले. "खरं सांगू, चुना ठेवला की लोक पुढचं मागतात. खायच्या तंबाखूवर इथे बंदी, त्या भानगडीत कोण पडणार? मी ठेवतच नाही. दुसरीकडेही विचारू नका वहिनी, तुमच्यासारख्या बाईकडे लोक भलत्या नजरेने बघतील."

तरी तिने विचारलंच. एका दुकानात तर पोराने तिला आपादमस्तक न्याहाळून "मौसीजी, छोड दो ये सब" असा उपदेशही केला. वसुंधराने तो मुकाट्याने ऐकून घेतला. ज्या बाईने रमणच्या छातीत कळ आल्यावर त्याची तंबाखू सोडवली, जी सोसायटीभर त्याबद्दल मिरवली, तिच्या वाट्याला हा उपदेश. एरवी तिने त्या पोराची हजेरी घेतली असती. पण डोळ्यांपुढे गुरुवार होता.

जेवायच्या टेबलावर तिने सगळं सांगितलं. केयूर फोनवर काहीतरी शोधत बसला. नायेली ताटातला भात चमच्याने इकडून तिकडे करत होती. रमण मान खाली घालून जेवत होता. त्याने नायेलीच्या मनगटाकडे बघितलं. बांगडी पार कोपराकडे सरकलेली. तो उठला, गॅलरीत गेला, हत्यारांची पेटी उघडल्याचा आवाज आला. परत येऊन त्याने टेबलावर चुन्याची ट्यूब ठेवली.

"अर्धी उरलीय," तो म्हणाला. "पुरेल ना?"

वसुंधराने ट्यूबकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, पुन्हा ट्यूबकडे बघितलं. केयूरनेही फोन खाली ठेवला.

"आत्ता मी काही बोलणार नाही," वसुंधरा म्हणाली. "बाळंतपण होऊ दे." आणि ट्यूब घेऊन मका उकळायला गेली. त्या बाईला ओळखणाऱ्यांनाच कळेल, त्या घटकेला गप्प राहणं तिला किती जड गेलं असेल ते. पण पोरीपुढे तिला दुसरं काही सुचत नव्हतं, आणि हीच तिची तारीफ.

सकाळी मक्याला पिवळसर रंग चढला होता. बोटांत चोळला की साल अलगद सुटत होतं. तिने तो सात पाण्यांनी धुतला, वाटला, गोळे केले, प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून वर पोळपाट दाबला. पहिली तोर्तिया बिडाच्या तव्यावर पडली आणि वास सुटला. नायेली तेव्हा झोपलेली होती. ती अनवाणी उठून आली, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि भिंतीला धरून रडायला लागली. मग ओट्याशी उभ्याउभ्याच तिने पहिली खाल्ली, दुसरी खाल्ली. तिसरी होईपर्यंत वसुंधरा तिच्या तोंडाकडेच बघत राहिली. नायेली कुठे पळाली नाही. "आणखी आहे?" तिने विचारलं, आणि वसुंधराने तिच्या डोक्यावर हात फिरवून पुढचा गोळा उचलला.

रोज तोर्तिया होऊ लागल्या. मग त्यांच्याबरोबर उसळ गेली, मग सुक्या मिरचीची चटणी, मग चक्क वसुंधराचं कोळंबीचं कालवण. गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी काटा बघितला, नायेलीकडे बघितलं, आणि ॲडमिटचा विषयच काढला नाही. जे चाललंय ते चालू ठेवा, एवढंच म्हणाल्या. वसुंधराने बाहेर येऊन आधी सफूराला फोन लावला आणि आणखी मका मागितला.

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. नायेली तोर्तिया मोडता मोडता थांबली.

"आई, केयूर पोटात होता तेव्हा तुम्हाला काय खावंसं वाटायचं?"

"मला? छे. मला कसले डोहाळे," असं म्हणून वसुंधरा तव्याकडे वळली. तव्यावर काहीच नव्हतं. तरी ती तशीच उभी राहिली. तेव्हा ती इथे नवीन होती. दुसऱ्या एका कुटुंबाबरोबर अर्ध्या फ्लॅटमध्ये राहायची, रमण काळोखात कामावर जायचा आणि काळोखातच परतायचा. त्यानंतर घुब्रातल्या किती पोरींना तिने डोहाळे विचारले आणि पुरवले, गणती नाही.

"ओले काजू," ती म्हणाली. "सोललेले. त्यांची उसळ. इतकी खावीशी वाटायची की बाथरूमचा नळ सोडून रडायचे मी."

रमणचा हात ताटात तसाच राहिला. "कधी बोलली नाहीस."

"विचारलंत कधी?"

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते त्याला जास्तच लागलं. तो उठला, हात धुतले, फोन घेतला आणि गावी धाकट्या भावाला लावला. "भिकाजी, ओले काजू निघाले का रे? इकडे येणारं कोण आहे का बघ. सोलून नको, तसेच पाठव, मी सोलेन."

"अहो, काय हे," वसुंधरा म्हणाली. "साठीला आले मी. आता काय करायचेत काजू?"

"खायचेत," रमण म्हणाला.