आईच्या दोन मुलाखती

गेल्या निवडणुकीत आमच्या आईने दोन कट्टर विरोधी पक्षांचा प्रचार केला आणि मत तिसऱ्यालाच दिलं, असं तीच सांगते.

लालबागच्या आमच्या चाळीत पूर्वी प्रचार म्हणजे जीपवरचा भोंगा, भिंतीवर रंगवलेली निशाणी आणि खिशाला लावायचे बिल्ले. आम्ही पोरं एकाच शर्टावर सगळ्या पक्षांचे बिल्ले मिरवायचो. उमेदवार स्वतः गॅलरीतून चालत यायचा, आईच्या हातचा चहा प्यायचा, नळाची तक्रार मन लावून ऐकायचा आणि जिना उतरेपर्यंत विसरायचा. पण यायचा! आता मोबाईलवाली मुलं येतात.

मतदानाआधीच्या रविवारी सकाळी एका पक्षाची आली. त्यांना सामान्य मतदाराचा व्हिडिओ हवा होता. आई हिंदमाताहून आणलेली नवी साडी नेसून खुर्चीत बसली. मुलाने नम्रपणे विचारलं, "आजी, पाणी आता चांगलं येतं ना?" आई म्हणाली, चांगलं म्हणजे काय, धो धो येतं.

संध्याकाळी दुसऱ्या पक्षाची मुलं आली. त्यांनीही नम्रपणेच विचारलं, "आजी, पाण्याचे फार हाल आहेत ना?" आईने डोळ्यांना पदर लावला. हाल विचारू नकोस बाळा, म्हणाली. (वर त्यांना कांदेपोहे.)

दुसऱ्या दिवशी दोन्ही व्हिडिओ चाळीच्या ग्रुपवर येऊन पडले. साडी तीच, खुर्ची तीच. एकाचं नाव 'समाधानी आजी', दुसऱ्याचं 'आजींचा आक्रोश'. दुपारी माहीमहून मामाचा फोन आला, ताईची तब्येत बरी आहे ना म्हणून. शेजारच्या सावंतकाकू तर रिकामी बादली घेऊनच दारात उभ्या राहिल्या. धो धो कुठे येतं ते दाखव, म्हणाल्या.

मी चिडून आईला जाब विचारला. ती तांदूळ निवडत होती.

"घराक इलेल्या माणसाक तोंडार नाय कसा म्हणतलंय?" ती म्हणाली. मग एक खडा बाजूला टाकून, "तुझे बाबा गेल्यापासून माका काय वाटतां ता इतक्या शांतपणे कोणी विचारूकच नाय रे."

मी त्याच घरात राहतो.

तेवढ्यात दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते एकदमच जिना चढून आले. समोरच्या पक्षाचा व्हिडिओ खोटा आहे असं आईने कॅमेऱ्यासमोर सांगावं, अशी दोघांचीही मागणी होती. आईने त्यांना एकाच बाकावर बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, पाणी आणा, मग सांगते.

संध्याकाळी चाळीत दोन टँकर शिरले. एक पाणी धो धो येतं हे सिद्ध करायला, दुसरा हाल संपवायला. कित्येक वर्षांनी चाळीतली पिंपं काठोकाठ भरली. सावंतकाकूंनी आईला मिठीच मारली. आईला सगळ्यांनी माफ केलं.

मला नाही. कारण दोन्ही व्हिडिओंत आईच्या खुर्चीमागे मी उभा आहे आणि दोन्हीकडे सारख्याच जोमाने मान डोलावतोय. ऑफिसात मला आता 'बहुमत' म्हणतात.

गेल्या आठवड्यात एका पक्षाच्या कचेरीतून फोन आला. आजींना त्रास नको, म्हणाले, मागे उभे होते ते गृहस्थ मिळतील का? मी ताडकन सांगितलं की मी कोणाचा भाडोत्री नाही, मला स्वतःची मतं आहेत.

मग विचारलं, शर्ट कुठल्या रंगाचा घालू?