मुकादमबाईंची हाक

मुकादमबाई सकाळी नऊला ऑफिसात यायच्या, डोक्यावरची ओढणी सारखी करायच्या, कॉम्प्युटर चालू करायच्या आणि कामाचं एक अक्षर टाइप करण्याआधी सगळ्यांना एकच प्रश्न टाकायच्या. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. "आज काय शिजतंय?"

हा प्रश्न पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका खिडकीत पडायचा. दोन हजार चारच्या आसपासची गोष्ट. परदेशातले डॉक्टर बोलून पाठवायचे ते रुग्णांचे अहवाल ऐकायचे आणि टाइप करायचे, हे आमचं काम. मुख्य ऑफिस पुण्याला, रत्नागिरीत आम्ही पाच जण, आणि देवरूखपासून पोफळीपर्यंत विखुरलेल्या नऊ बायका आपापल्या घरून टाइप करणाऱ्या. त्यांनी एकमेकींची तोंडंही पाहिली नव्हती. पुण्यातल्या साहेबांना काळजी वाटली, की माणसं अशी सुटी सुटी राहिली तर मन लावून काम कसं करणार? म्हणून गप्पा मारायची ही खिडकी आली. प्रत्येक नावापुढे हिरवा ठिपका, पाठवायला हसरे चेहरे, वाढदिवसाला चित्रातला केक. मी रत्नागिरीचा शाखाप्रमुख. म्हणजे पंखा बंद पडला की वायरमनला फोन करणारा.

पहिले पंधरा दिवस खिडकीत कुणी फिरकलं नाही. मी रोज एक सुविचार टाकायचो, त्याला माझाच एक हसरा चेहरा मिळायचा. मग मुकादमबाईंनी तो प्रश्न टाकला आणि पाच मिनिटांत देवरूखहून उत्तर आलं, "कुळथाचं पिठलं." पाठोपाठ कुणाकडे बांगडे, कुणाकडे फणसाची भाजी. आठवड्याभरात नऊच्या नऊ जणी बोलायला लागल्या. माझ्या सुविचारांची गरज संपली. ती कधी नव्हतीच, असं माझ्या बायकोचं मत.

"हे सुचलं कसं तुम्हाला?" मी विचारलं.

"सुचायचंय काय त्यात, साळवीभाऊ? आमच्या गावात बाप्ये सगळे जहाजावर. घरात एकेकटी बाई. सकाळी दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून हाक मारायची, काय गो, काय शिजवतंस? ओ आली की आपल्या कामाला लागायचं. नाय आली, तर गडगा ओलांडून जायचं."

त्या उत्तरं नुसती वाचत नसत, ऐकत असत. देवरूखच्या बाईंनी दोन दिवस लागोपाठ दुपारच्या जेवणाला पेज लिहिली, तेव्हा मुकादमबाई म्हणाल्या, "घरात कुणाला तरी बरं नाय." फोन केला तर सासूबाई तापानं पडलेल्या. त्या दिवशी देवरूखच्या निम्म्या फाइली बाईंनी स्वतःकडे ओढून घेतल्या. मला पत्ता नव्हता. मी उत्तरं वाचून फक्त भूक वाढवून घेत असे.

पुढे जे झालं ते माझ्या हुशारीनं झालं. पुण्याच्या बैठकीत एका साहेबांनी विचारलं, रत्नागिरीचा गट एवढा जुळलेला कसा? मुकादमबाईंचं नाव घ्यायला हवं होतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "आम्ही एक पद्धत बसवली आहे." साहेबांना पद्धत फार आवडली. महिन्याभरात ती नियम होऊन परत आली. सव्वानऊच्या आत उत्तर दिलं नाही, तर नावापुढे लाल खूण. महिन्यात तीन लाल झाल्या की घरून काम करणारीचं नाव यादीतून बाद. तक्ता भरून पाठवायचं काम माझ्याकडे. तो मी रंगीत केला होता, हे कबूल करायला आता लाज वाटते.

मुकादमबाईंनी नियम दोनदा वाचला. "आता ओ सगळीच देतील," त्या म्हणाल्या. "पण घरात असतील असं नाय."

आणि तसंच झालं. नऊ वाजता नऊ उत्तरं धाडधाड यायची. भात-आमटी, भात-आमटी, भात-आमटी. कोकणातले मासे जणू एका रात्रीत संपले. माझा तक्ता हिरवागार.

पोफळीच्या कॉलनीत सुनंदा म्हणून एक टाइपिस्ट होती. नवरा तिथेच वीजघरात कामाला. एका सोमवारी तिचंही उत्तर आलं, भात-आमटी. मुकादमबाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"सुनंदा सोमवार करते ना?"

"असेल. मला काय माहीत?"

"तुम्हाला हो कुठनं माहीत असणार," एवढंच म्हणून त्या कामाला लागल्या. पुढच्या रविवारी भाट्याहून दोन शहाळी घेऊन त्या एसटीनं पोफळीला जाऊन आल्या, हे मला फार नंतर कळलं.

त्यानंतर त्या दुपारी डबा खायला आमच्यात येईनाशा झाल्या. कानाला हेडफोन, पाय आवाज थांबवायच्या-चालू करायच्या पेडलवर, डबा बंद. मी धरून चाललो, रोजे असतील. घरी तसं बोललोही. बायको म्हणाली, "ईद होऊन दोन महिने झाले. त्यांच्या घरचा शिरखुर्मा तुम्हीच दोन वाट्या खाल्लात."

तीन आठवड्यांनी पुण्याहून फोन आला. सुनंदाच्या नावानं रोज दुपारी जे काम होतंय, ते तुमच्या रत्नागिरीच्या ऑफिसातून होतंय. कोण करतंय? संध्याकाळपर्यंत नाव कळवा.

मी मुकादमबाईंच्या टेबलाशी गेलो. त्यांनी हेडफोन काढला आणि माझं तोंड बघूनच ओळखलं.

"पोटाचं ऑपरेशन झालंय तिचं. टाके चिघळलेत. घरून करणारणीला रजा हाय का तुमच्या नियमात? नाय. नवरा कामावर जायच्या आधी तिच्या नावानं ओ देतो. आणि तिच्या नावावर रोज काम दिसायला हवं, ते मी करते."

"मला सांगायचं होतं."

"सांगून तुम्ही काय केलं असतंत? तक्त्यात कुठला रंग भरला असतात?"

मी म्हणालो, मी कळवतो की यंत्राचा काहीतरी घोटाळा आहे. त्या थकल्यासारखं हसल्या. "यंत्राला जीभ नाय म्हणून त्याच्यावर ढकलता? ते पुन्हा तपासतील. मग ती जाईल, मी जाईन, आणि तुम्हीही. माझं नाव सांगा. बाईंनी आपल्या मनानं केलं म्हणा."

मी सांगितलं. माझ्या बाजूनं कारणं पुष्कळ होती. मुलांच्या शाळा, घराचं कर्ज, वय. ती सगळी खरी होती, त्यामुळे मला अजूनच वाईट वाटतं.

दुसऱ्याच्या नावानं रुग्णांच्या फाइली उघडल्या म्हणून मुकादमबाईंना आठवड्याभरात काढलं. सुनंदाला कुणी हात लावला नाही. तक्त्यात तिच्यापुढे एकही लाल खूण नव्हती, म्हणजे नियमाप्रमाणे ती रोज हजर होती.

शेवटच्या दिवशी बाईंनी खुर्चीवरची आपली उशी पिशवीत घातली. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "येत जा अधूनमधून."

"हाक मारा," त्या म्हणाल्या. "गडगा काय, ओलांडता येतो."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी खिडकी उघडून बसलो. प्रश्न आला नाही. तरी सव्वानऊच्या आत नऊ जणींनी लिहिलं, हजर. मी तक्ता भरला, पाठवला. मग एका बोटानं टाइप केलं, "आज काय शिजतंय?"

नऊ हिरवे ठिपके. मग पोफळीहून एक ओळ आली, "सर, हे पण पुण्याला जाणार का?"

"नाही," मी लिहिलं.

त्यावर एकही पदार्थ आला नाही. मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या जागी असतो, तर मीही भात-आमटीच लिहिली असती. अकरा वाजले, बारा वाजले. एक वाजता मी एकटाच डबा उघडून बसलो होतो. तेव्हा पोफळीचा ठिपका हलला आणि सुनंदानं लिहिलं,

"पेज."

मी डबा झाकला आणि तिची फाइल माझ्याकडे ओढली.